माडासाठी बुरशी

मी लिहावं असं माझ्याकडे फारसं काही नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याची सवय म्हणाल तर परीक्षेच्या पेपरापुरती. कुठे आगाऊपणा वाटला तर वाचणाऱ्यांनी माफ करावं. पण ते दिवस डोक्यातून जात नाहीत, म्हणून लिहून बघतोय.

मी सानपाड्याला मामाकडे राहतो आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकतो. आई मोऱ्याला, बंदराजवळच्या आमच्या घरात असते. सुकी मच्छी विकते. घरामागे दोन माड होते. एकाचा शेंडा गेंड्या भुंग्याने पोखरला आणि तो वाळून गेला. मग दुसऱ्याचीही नवी पानं कात्रीने कापल्यासारखी उलगडायला लागली. त्या माडाच्या सावलीत बसून आई मासळी निवडते. मागच्या अंगणात दुसरी सावलीच नाही. तरी तिने तो तोडायचं ठरवलं.

"शेंडा शेजारच्या पत्र्यावर पडला तर?" ती म्हणाली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

आमच्या प्रयोगशाळेत तेव्हा बुरशीवरच काम चाललं होतं. एका टेबलावर नाल्यातल्या तेलकट चिखलाच्या बरण्या होत्या. त्यातलं तेल एखादी बुरशी खाते का, ते बघायचं होतं. दुसऱ्या टेबलावर पिशव्यांमध्ये शिजवलेला भात आणि त्यावर वाढलेली हिरवी बुरशी. ही बुरशी किड्याच्या अंगावर रुजते, कातडीतून आत शिरते आणि त्याला मारते. गेंड्या भुंग्याच्या अळ्या शेणखतात, उकिरड्यात वाढतात. ही बुरशी थोडी मिळेल का, असं मी प्रयोगशाळेतल्या मॅडमना भीतभीत विचारलं. त्यांनी लगेच पिशव्या काढून दिल्या.

सुट्टीच्या दिवशी मोऱ्याला गेलो आणि ती बुरशी पाण्यात कालवून आमच्या उकिरड्याच्या खड्ड्यात ओतली. शेजारची काकी कुंपणावरून बघत होती.

"काय रं, लोकं बुरशी घालवतान आनी तू लावतंस? कालेजात ह्येच शिकवतान?"

"काकी, ही वेगळी बुरशी आहे."

"हां, शिकलेली असंल!"

आई हसली नाही. "तुज्यासाठी थांबते," ती म्हणाली. "पन पावसाच्या आधी काय तो निकाल लागला पायजे. वारा सुटला की मी कोनाचं ऐकनार नाय."

सानपाड्याला परतलो, पण कशातच जीव लागेना. पुस्तक उघडायचो, मिटायचो. गॅलरीत जायचो, परत आत यायचो. अळी लगेच मरत नाही, हे मला पाठ होतं. आधी ती सुस्तावते, मग कडक होते, पांढरी पडते आणि शेवटी हिरवी. तरी रोज फोन करून विचारायचो. मामा वैतागला. "अळ्या मरतायत की तू?"

एकदा आईच म्हणाली, "आता कालजी करू नकोस. परवा बघितलं तर उकिरड्यावर बुरशी धरलेली. सगला उपसून उन्हात पसरवला."

आमच्याकडे सुक्या बोंबलाला बुरशी दिसली की पहिलं काम तेच, कडक उन्हात टाकायचं. आईचे हात आयुष्यभर हेच करत आले आहेत; ही बुरशी मीच ओतलेली, हे तिच्या लक्षात आलं नसावं. मीच तिला सांगायला हवं होतं की उन्हाने ही बुरशी मरते.

"आई, गोळा कर सगळं. परत खड्ड्यात टाक, पाणी मार, वर गोणपाट टाक."

"बुरशीसाठी पानी? वेडा झालास काय?"

"कर ना गं."

तिने फोन ठेवला. केलं की नाही, ते कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, वर पसरलेली बुरशी गेली असेल, पण अळ्यांच्या अंगाला जी आधीच चिकटली ती आपलं काम करेल. किती, ते सांगता येणार नाही. त्यानंतर आईचा फोन लागेना. आकाश भरून यायला लागलं होतं आणि दुपारी खिडक्या आपटायच्या. प्रत्येक आवाजाला मला शेंडा पत्र्यावर पडल्याचा भास व्हायचा. मोऱ्याला जाऊन यावं म्हटलं, तर प्रॅक्टिकल परीक्षा डोक्यावर.

परीक्षेच्या खोलीतून बाहेर आलो तेव्हा फोन वाजला.

"माड तोडनारा आलेला," आई म्हणाली. "चढायच्या आधी त्याला म्हटलं, खड्डा उकर. अल्या निघाल्या. खडूसारख्या कडक, वरून हिरव्यागार. काकी पन बघायला आलेली."

"सगळ्या?"

"सगल्या नाय. काही अजून वलवलतान."

"मग माड?"

पलीकडे ती कुणाशी तरी बोलली. मग म्हणाली, "त्याला चा पाजून परत पाठवला. माड उभा हाय. तुजी ती बुरशी अजून असंल तर घेऊन ये."