कालवणातली पेज

बाळंतपणानंतर माझं अंग जे सुटलं ते आवरेचना. वर तपासणीत साखर निघाली. माझी आई साखरेनंच गेली. आधी तिचा पाय काढावा लागला होता. त्यामुळे पनवेलच्या आमच्या डॉक्टरांनी "भात, पोळी, गोड बंद" म्हटल्यावर मी त्याच दिवशी सगळं सोडलं. मासळी, अंडी, पालेभाजी. बस्स.

नातवासाठी नेऱ्याहून येऊन राहिलेल्या सासूबाईंना हे मुळीच रुचलं नाही. तांदूळ त्यांच्या शेतातला ना! "आमच्या भातात काय इख हाय?" म्हणाल्या आणि दोन-तीन दिवस अबोला. मग आपणहूनच निवळल्या आणि माझ्यासाठी रोज वेगळं कालवण करू लागल्या. काय दाट, काय चव! ऑफिसात मी सासूचं कौतुक सांगत सुटले.

वजन मात्र हलेना आणि साखर उतरेना. मी चोरून खाते, असंच डॉक्टरांना वाटायला लागलं.

एका रविवारी स्वयंपाकघरात गेले, तर सासूबाई भात वेळून काढलेली पेज माझ्या कालवणात ओतत होत्या.

"भात कुठं दिला मी? पेज हाय ती," त्या म्हणाल्या. "लेकराला पाजतेस. अंगात बळ नको?"

माझं डोकंच फिरलं. तोंडाला येईल ते बोलले आणि शेवटी रडत रडत आईच्या पायाचं सांगितलं. ते त्यांना तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. त्यांनी कालवणाचं पातेलं मोरीत रिकामं केलं.

त्या दिवसापासून त्यांच्याही ताटात भात दिसेना. विचारलं तर म्हणाल्या, "मला नुसतं म्हावरंच बरं लागतं." जन्मभर भातावर पोसलेली बाई! खोटं बोलताना माझ्याकडे बघतही नव्हत्या. मला त्या फार आवडल्या तेव्हा.

हळूहळू साखर उतरली, वजनही. दिवाळीनंतर नेऱ्याहून नवा तांदूळ आला. नैवेद्य दाखवून झाल्यावर सासूबाई चिमटीत चार शितं घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"एवढं चालंल ना डाक्टरला?"

मी आ केला. मग त्यांना पाटावर बसवलं, त्यांच्या ताटात चांगला ढीगभर भात वाढला आणि त्यांनी तो संपवेपर्यंत समोरून हलले नाही.