आक्काच्या घरचा कडू घास

मी गाव सोडलं त्या दिवशी माझी आई मला पोचवायला आली नाही.

फाट्यावर एसटीची वाट बघत आम्ही उभे होतो. लग्नाला दीड महिना झाला होता. आमचे हे कोईमतूरला गलाईच्या दुकानात होते, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायच्या कामावर. विट्याकडची निम्मी माणसं या कामापायी देशभर पांगलेली आहेत, त्यामुळे मुलगी कोईमतूरला दिली याचं कुणाला नवल नव्हतं. मिरजेपर्यंत एसटी आणि पुढं रेल्वे. सासरची माणसं आली होती, भाऊ आला होता, शेजारची पारूवहिनी आली होती. आई नव्हती. वरच्या आळीत एक बाई पहाटेपासून अडली होती आणि आई तिच्याजवळ बसून होती. एसटी वळणावर दिसली तेव्हा पारूवहिनीनं भाकरीचं गाठोडं माझ्या हातात दिलं आणि आईचा निरोप सांगितला.

"आक्का म्हनली, अडलेली बाई टाकून कशी येऊ? सुमी काय मरायला चाललीया व्हय? येतीया की दिवाळीला."

त्या दिवाळीला काही मी आले नाही. पुढच्याही नाही. तिसऱ्या दिवाळीला आले तेव्हा त्या दिवशी जन्मलेली पोरगी आमच्या अंगणात पळत होती. आईनं तिला उचलून माझ्यापुढं धरलं. "ही बग, तू गेलीस त्या दिवसाची." मला वाटलं, बाई गं, हिला तरी माझ्यासमोर आणू नकोस.

आईला सगळं गाव आक्का म्हणायचं, म्हणून आम्हीही आक्काच म्हणत आलो. वडील मी तिसरीत असताना वारले. ते पलटणीत होते, आजारपणानं घरी आले ते उठलेच नाहीत. त्यानंतर आक्का एकटीनं राहिली, एकटीनं शेत केलं आणि कुणाचं ऐकलं नाही. भावकीनं सांगितलं, बाईमाणसानं मोट-पाण्याच्या भानगडीत पडू नये. ती म्हणाली, "मग तुमी या पानी पाजायला." कुणी आलं नाही. तिनं स्वतः पाजलं. इथवर सगळं कौतुकाचंच आहे, आणि गावात अजून सांगतात. पण कौतुक करणाऱ्यांना तिच्या घरात राहावं लागत नव्हतं.

आमच्या घरात एकही वस्तू आमची नव्हती. मोठं पातेलं लग्नघरी, सतरंजी बारशाला, खाट आजारी माणसाकडं. मी कोईमतूरहून पहिल्यांदा मिक्सर आणला, तिच्या हाताला पाटा-वरवंटा झेपेना म्हणून. पुढच्या खेपेला बघते तर मिक्सर अंगणवाडीत. "तितं पोरांस्नी खिचडी असती. वाटण लागतंय. मी एकली किती चटणी खाणार?" तीच गत साड्यांची. मी नेसवून फोटो काढायचे आणि दोन महिन्यांनी ती साडी दुसऱ्याच बाईच्या अंगावर व्हिडिओ कॉलमध्ये दिसायची.

आणि ते व्हिडिओ कॉल! रविवारी दुपारी मी कामं उरकून निवांत फोन लावायचे. आक्का दोन शब्द बोलायची, "बरी हायस? पोरं बरी?" आणि फोन दुसऱ्याच्या हातात. "घे, पारू हाय, बोल." पारूवहिनी झाली की तिची सून, मग दळणाला निघालेली कुणीतरी. मी ज्यांना ओळखत नाही अशांशीही मला तिनं बोलायला लावलं. मला माणसांशी बोलायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटते, हे तिला माहीत होतं. शेवटी फोन परत तिच्याकडं जायचा तेव्हा ती म्हणायची, "ठेव आता, लय येळ झाला."

शाळेचंही सांगून टाकते. गावात शाळा चौथीपर्यंत होती. पुढची शेजारच्या गावात, ओढा ओलांडून. मला चौथीनंतर काढलं, कारण घरी म्हैस होती आणि आक्का बाहेर असायची. नंतर हीच बाई दारोदार हिंडून लोकांच्या पोरी पाचवीला घालायला लागली. स्वतः सकाळी त्यांच्यासोबत ओढ्यापर्यंत चालत जायची. त्यातल्या दोघी आज मास्तरणी आहेत. एकदा मी धीर करून विचारलं, "मग मला का गं काढलंस?" तिनं तांदळातला खडा काढून टाकला. मग म्हणाली, "तुज्यावरनंच शिकले की." या उत्तरावर माणसानं काय करावं? मी उठून पाणी भरायला गेले.

आक्काचं सगळ्यात मोठं काम म्हणजे कडू घास. आमच्याकडं मयत झालं की त्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे भाकरी, पिठलं, आमटी, भात घेऊन जातात आणि घरच्यांना घास भरवतात. गाव मोठं, आळ्या चार, त्यात कुणाकडून दहा भाकरी, कुणाकडून कालवण, हे ठरवायचं आक्कानं. कुठल्या घरात आधीच दुखणं आहे, कुठली सून आज-उद्या बाळंत होणार आहे, कुणाच्या घरी पीठ कमी आहे, सगळं तिला पाठ. त्या घरांना ती वगळायची, आणि वगळलं म्हणून कुणी रुसणार असेल तर त्यांना नुसती चटणी आणायला सांगायची. अंत्यविधीहून माणसं परतली की अंघोळ होईस्तोवर जेवण दारात. पन्नासेक वर्षं हे असंच चाललं. कुठल्या आळीचं मयत, कुठल्या जातीचं, तिनं कधी बघितलं नाही.

मला तिच्याकडून एकच हवं होतं. तिनं महिनाभर कोईमतूरला येऊन माझ्याजवळ राहावं. फक्त माझी आई म्हणून. मी अडतीस वर्षं मागत होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या निमित्तानं ती एकदाच आली आणि अकरा दिवस राहिली.

पहिले दोन दिवस डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून पडून होती, तेवढी ती मला मिळाली. तिसऱ्या दिवशी पट्टी लावूनच गॅलरीत गेली आणि समोरच्या इमारतीतल्या बाईचं बोलणं ऐकून तिला ओरडून विचारलं, "आवं, तुमी खानापूरकडच्या काय?" तर ती खरंच तिकडची निघाली. आम्ही दोघी अकरा वर्षं समोरासमोर कपडे वाळत घालत होतो आणि एकमेकींचं नाव माहीत नव्हतं. आठवड्यात माझ्या घरी रोज संध्याकाळी सात-आठ बायका. कोण आटपाडीची, कोण तासगावची. आमचे हे दुकानातून आले की चपला मोजत दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, "सासूबाई, सभा संपली की सांगा." मी आत चहाचं आधण वाढवत चरफडत बसायचे.

बाराव्या दिवशी आम्ही मरुदमलैला देवदर्शनाला जाणार होतो, दोघीच. अकराव्या दिवशी गावाहून फोन आला, खालच्या आळीतला म्हातारा गेला म्हणून. आक्कानं पिशवी भरायला घेतली.

"अगं, तू पोचेस्तोवर तिसरा दिवस उजाडंल," मी म्हणाले.

"दहावा तर घावंल?"

"आणि मी? तू माजी आई हायस का गावाची?"

तिनं माझ्याकडं बघितलं, नव्या डोळ्यांनी, नीट. "तुज्यात सगळं हाय सुमे. जिथं काय न्हाई तिथं जाया नगं?"

माझ्यात सगळं आहे, हे तिला कुणी सांगितलं होतं, कोण जाणे.

या वर्षी उन्हाळ्यात भावाचा फोन आला, आक्कानं अंथरूण धरलंय. भाऊ फौजेतून रिटायर होऊन कोरेगावला स्थायिक झाला आहे. त्याच्याकडंही ती कधी टिकली नाही. मी मिळेल त्या गाडीनं निघाले. वयाची पंच्याऐंशी तरी झाली असेल, नेमकी जन्मतारीख तिलाही ठाऊक नव्हती. घर माणसांनी भरलेलं. कुणी पाय चेपतंय, कुणी चमच्यानं पाणी घालतंय, मास्तरीण झालेल्या दोघीही आलेल्या. मला तिच्या उशाशी जागा मिळेना. दोन दिवस मी स्वयंपाकघरात चहा करत होते. माझ्या आईच्या घरात मी चहावाली.

तिसऱ्या दिवशी दुपारी जरा गर्दी पांगली तसं मी उठले, दार लावलं आणि आतून कडी घातली. त्या दाराला दिवसा कडी लागल्याचं मी कधी बघितलं नव्हतं. तिच्याजवळ बसले. हात हातात घेतला. अडतीस वर्षांचं बोलायचं होतं.

"दार का लावलंस?" आक्का म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता.

"असू दे. घटकाभर."

"मानसं यून माघारी जात्याली."

"जाऊ देत."

ती नुसती दाराकडं बघत राहिली. मी तिच्या तोंडाकडं बघत होते आणि ती दाराकडं. थोड्या वेळानं मीच उठले आणि कडी काढली. रागानंच काढली, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

गाव लोटलं होतं. शेजारच्या गावांतून माणसं आली. दुपारी बारापर्यंत सगळं उरकलं, माणसं स्मशानातून परतली, अंघोळी झाल्या. एकेकजण येऊन बसलं, रडलं, आक्काचे गुण गायलं आणि उठून गेलं. एक वाजला. दोन वाजले. तीन वाजून गेले. भावाला साखरेचा आजार आहे, त्याचे हात थरथरायला लागले. त्याची बायको हळूच माझ्या कानाशी म्हणाली, "वन्सं, जेवण कुटं हाय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. कडू घास कुणी आणलाच नव्हता. आणणार कसा? कुणी काय करायचं हे सांगायला येणारी बाई आम्ही नुकतीच पोचवून आलो होतो.

सुतकात असलेल्या घरच्या बाईनं असं दुसऱ्याच्या दारात जायचं नसतं. आणि मी तर अशी, की कोईमतूरला दुकानदारानं चुकीची डाळ दिली तरी परत न करता शिजवणारी. पण दुसरं कोण जाणार? डोक्यावरून पदर घेतला आणि पारूवहिनीच्या उंबऱ्यापाशी जाऊन उभी राहिले. म्हातारी पारूवहिनी भिंतीला टेकून बसली होती.

"वैनी, आमच्यात अजून कुनी जेवलं न्हाई."

"अगं बया!" ती ताडकन उठली. "मला वाटलं, वरच्या आळीनं केलं आसंल. मला कुनी सांगाय आलंच न्हाई!"

"कोन येनार हुतं वैनी?"

तिनं तोंडावर हात ठेवला. मग मी वरच्या आळीत गेले. तिथं खालच्या आळीच्या भरवशावर बसले होते. खालच्या आळीत म्हणाले, पारूनं केलं असेल. आक्काच्या एवढ्या कौतुकात एकीलाही वाटलं नाही की आज आपण आपल्या अकलेनं चार भाकरी थापाव्यात. मी रागानं लाल झाले होते. प्रत्येक दारात तेच सांगत गेले, आमच्यात अजून कुणी जेवलं नाही, आणि पुढचं दार गाठलं.

तासाभरात जेवण आलं. सगळ्या घरांतून पिठलं. नुसतं पिठलं! लवकर होतं म्हणून प्रत्येकीनं तेच केलं, आणि भाकरी दुसरी कुणीतरी आणेल म्हणून कुणीच केली नाही. ओसरीवर पिठल्याची पातेली ओळीनं मांडलेली, आणि भाकरीचं एक टोपलं नाही. कोण काय करणार ते मी सांगितलंच नव्हतं. मला ते येतच नव्हतं. सगळ्या बायका पातेल्यांकडं बघत उभ्या राहिल्या. मग पारूवहिनी म्हणाली, "आक्का आसती तर आज एकेकीला सोलली आसती," आणि मयताच्या घरात हसू फुटलं. मीही हसले, आणि हसता हसता जे रडू आलं ते सकाळपासून आलं नव्हतं.

दोघी पळत जाऊन भाकरी थापून घेऊन आल्या. पारूवहिनीनं पहिला घास माझ्या तोंडात घातला. बोटं तिखट होती.

दहावा झाल्यावर बायका म्हणाल्या, "सुमन, आता तूच ऱ्हा हितं. आक्काचं काम कर." मी म्हणाले, माझं तिकीट काढलेलं आहे. तुमच्यातल्या तुमच्यात ठरवा, आणि निदान भाकरी कुणाच्या ते आधी सांगत जा. खोटं मोठेपण माझ्याच्यानं होत नाही. आक्कावरचा माझा राग अजून गेलेला नाही. तिला माझ्याजवळ बसायला वेळ झाला नाही, हे खरंच आहे, आणि ती मेली म्हणून ते खोटं होत नाही.

कोईमतूरला माणसं भेटली की पहिलं विचारतात, "साप्टिंगळा?" म्हणजे जेवलात का. राम राम करावा तसं. मी आल्यापासून आजपर्यंत त्याला हो म्हणत आले आहे. जेवले असले तरी हो, नसले तरी हो. आजारपणात, बाळंतपणात, हे दुकानात आणि घरात काही नाही अशा दिवशीसुद्धा हो. तुमच्यापैकी ज्या माझ्यासारख्या लांब गेल्या आहात, तुम्हीही तेच म्हणत असाल.

त्या दिवशी मात्र मी चार आळ्यांत हिंडून, आम्ही उपाशी आहोत म्हणून सांगून आले, आणि मला लाज वाटली नाही. माझं घर ते आहे. इथं आम्ही राहतो.