अरे ऊर्फ अहो

लहान मूल हरवलं की पहिला संशय बापावर घ्यावा, असं माझं जुनं मत आहे. मुंबईच्या एका वर्तमानपत्रात मी बरीच वर्षं गुन्ह्यांच्या बातम्या तपासल्या, तेव्हा हे मत अनुभवाचं होतं. फक्त त्यातला बाप मी असेन, याचा अंदाज नव्हता.

नोकरीमुळे आम्ही मस्कतला असतो: मी, बायको मृणाल आणि साडेचार वर्षांची रेवा. तिकडे बाहेर भाजून काढणारं ऊन, म्हणून सुट्टीचा अख्खा दिवस मॉलमध्ये. रेवा रांगायला शिकली ती मॉलच्या फरशीवर. मॉल हेच तिचं अंगण. रजेवर मुलुंडला येऊन बॅगा उघडतोय तोवर तिचा प्रश्न आला, "इकडचा मॉल कुठेय?"

"विमानाने इतक्या लांबून यायचं आणि मॉल बघायचा?" माझी आई म्हणाली. "त्यापेक्षा जोगेश्वरीची लेणी दाखव पोरीला."

"लेण्यांत एसी असतो का, आजी?"

विषय संपला. आईही सोबत आली. (एसीला तिचाही विरोध नव्हता.)

आईचा एक नियम इथे नोंदवायला हवा. सुनेने नवऱ्याला अरे-तुरे केलेलं तिला खपत नाही. मस्कतला मृणाल मला "अरे" म्हणते. भांडणात त्यापुढे आणखी बरंच काही. मुलुंडच्या घराचा उंबरा ओलांडला की मात्र "अहो". वर्षातला एक महिना मला मान मिळतो. मी कधी तक्रार केलेली नाही.

रेवा हरवली ती वरच्या मजल्यावर, चपलांच्या दुकानाबाहेर. आई बाकावर टेकली होती, मृणाल आत होती आणि मी रेवाला सांभाळत होतो. म्हणजे फोन बघत होतो.

"अहो, रेवा कुठेय?"

"तुझ्यामागे आत आली ना?"

"माझ्यामागे? तुमच्याजवळ ठेवून गेले होते!"

इथपर्यंत आम्ही भांडत होतो. मग दोघांचीही नजर एकदम समोर गेली. समोर सरकता जिना होता, त्याला लागून काचेचा कठडा, आणि कठड्यापलीकडे थेट तळमजला. मी वाकून खाली पाहिलं. खाली माणसं आइस्क्रीम खात होती. असं दृश्य पाहून इतकं बरं कधी वाटल्याचं मला आठवत नाही.

बेपत्ता मुलांच्या बातमीचं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं: "शोध सुरू आहे." जागा कमी पडली की मी पहिलं तेच कापायचो. आता ते वाक्य डोक्यातून हलेना.

जिन्याजवळच्या गार्डला गाठलं. त्याने विचारलं, "बच्ची ने क्या पहना है?"

"फ्रॉक."

"कलर?"

याच प्रश्नावरून मी तरुण बातमीदारांना झापायचो. कपड्यांचा रंग नाही? मग बातमी कसली आणलीस?

"गुलाबी... असेल."

"असेल?" मृणाल किंचाळली. "पिवळा टी-शर्ट आहे! निळी पँट! फ्रॉक तिने आज घातलेलाच नाही, अहो!"

गार्डने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली. पूर्वी ती माझी होती.

तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला. एक मुलगी इंग्रजी वळणाच्या हिंदीत सांगत होती, "मिस्टर आहो, मिस्टर आहो, हेल्प डेस्क पे आइए."

"माझी मुलगी हरवलीये," मी गार्डवर ओरडलो, "आणि तुम्ही कुठल्या जपान्याला शोधताय?"

"साब, उसका भी बच्चा खोया होगा."

"आधी माझं अनाउन्स करा!"

"मिस्टर आहो," लाउडस्पीकर म्हणाला, "आपकी बच्ची हमारे पास है."

त्या जपान्याचा मला मनापासून राग आला. त्याचं मूल सापडलं होतं.

"अहो, तुम्ही पार्किंगमध्ये बघा, मी इथे..." मृणाल मध्येच थांबली. वर लाउडस्पीकरकडे पाहत ती हळूच म्हणाली, "आहो." मग, "अहो." आणि उलट्या दिशेने चालणाऱ्या जिन्यावरून खाली धावत सुटली.

हेल्प डेस्कच्या उंच खुर्चीवर रेवा बसली होती. समोरचं बिस्किट तिने घेतलं नव्हतं. अनोळखी माणसाकडून खायचं नाही, आपलं नाव सांगायचं नाही, हे तिला मस्कतच्या शाळेत शिकवलंय. पप्पांच्या नावावर मात्र बंदी नव्हती. ते तिने नीट सांगितलं होतं: "तिकडे अरे, इकडे अहो."

मृणालला पाहून ती रडली आणि तिच्या गळ्यात पडली. मी पुढे झालो, तर सुरक्षा विभागाची बाई आडवी आली.

"आप कौन?"

"तिचा बाप. प्रसाद."

"बच्ची ने दो नाम बताए. ये तीसरा?"

बातमीत "ऊर्फ" कोणाच्या नावाला लागतं, हे मला ठाऊक आहे. फिर्यादीच्या कधीच लागत नाही. त्यात मुलीच्या कपड्यांचा रंग मला सांगता आलेला नाही, हे वरच्या गार्डने वायरलेसवर आधीच कळवलं होतं! त्या बाईच्या जागी मीही मूल दिलं नसतं.

"रेवा, सांग ना यांना, मी कोण?"

रेवाने आईच्या खांद्यावरून मान वर केली. "तू फोन बघत होतास," ती म्हणाली आणि पुन्हा तोंड लपवलं.

बाईने मृणालला विचारलं, "मॅडम, ये आदमी आपका कौन है? डरिए मत."

माझी आई लिफ्टमधून उतरून नेमकी तेव्हाच तिथे पोचली. मृणालने सासूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि इतका वेळ आवरलेलं सगळं बाहेर आलं. "अरे प्रसाद, उभा काय राहिलायस! कार्ड दाखव ना त्यांना, बावळट!"

बाई ताबडतोब बाजूला झाली. नवरा असल्याचा याहून भक्कम पुरावा तिला नको होता.

घरी जायला रिक्षा केली. रेवा मृणालच्या मांडीवर डोळे मिटून पडली होती. मी तिच्या टी-शर्टकडे पाहत होतो. पिवळा. बाहीवर निळी पट्टी. घराच्या वळणावर आई म्हणाली, "मृणाल, तू घाबरलेलीस, मला समजतं. पण म्हणायचंच असेल तर 'अहो बावळट' म्हणावं."

उरलेल्या रजेत आम्ही रेवाकडून माझं पूर्ण नाव घोकून घेतलं. तिला ते येतं, अशी आमची खात्री झाली होती. परतताना विमानतळावर काउंटरमागच्या अधिकाऱ्याने तिला कौतुकाने विचारलं, "बाळा, पप्पांचं नाव काय?"

"अहो बावळट," रेवा न अडखळता म्हणाली.

अधिकाऱ्याने पासपोर्टवरचा फोटो पाहिला. मग माझा चेहरा नीट न्याहाळला, आणि दुसरा काहीही प्रश्न न विचारता शिक्का मारला.