टेबलाच्या कडेवरचा तळहात

आबांचा उभा जन्म सुतारकीत गेला. फळीवर टिचकी मारून ते आतली कीड सांगायचे. सत्तरीत कान पार गेले. कानातल्या यंत्रातून नुसती खरखर यायची, म्हणून ते डबीतच पडून असे. तरी संध्याकाळी मुलानं रेकॉर्ड लावली की आबा न चुकता येऊन बसत. त्यांनीच केलेल्या टेबलावर दोन स्पीकर आणि कडेला आबांचा पालथा तळहात. मुलाला वाटे, म्हातारा आपला सोबतीला बसतो.

मुलगा कारखान्यात लेथवर. खालचा सूर त्याला जाड, घुमल्यासारखा लागायचा.

"टेबलपण सोबत गातंय," तो कुरकुरला.

"गाऊ दे की! घरात कुणीतरी गातंय ना," बायको म्हणाली.

पण गडी हट्टाला पेटला. स्पीकरांना पाय म्हणून लेथवर पितळेच्या आठ वाट्या कातल्या. प्रत्येकीत चुंबकाची एक चकती, तिच्यावर उलट्या तोंडाची दुसरी. दोघी एकमेकींना शिवायला तयार नाहीत. स्पीकर बोटभर हवेवर तरंगले आणि सूर कसा धुऊन काढल्यासारखा निघाला.

त्या संध्याकाळी आबांनी हात ठेवला, सरकवला, मनगट टेकवून पाहिलं आणि उठून आत गेले. चौथ्या दिवसापासून ते आलेच नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जेवण दोन घासांवर आलं. मुलानं पाटीवर लिहिलं, 'काय दुखतंय?'

"मला काय धाड भरलीय?" आबा मोठ्यानं म्हणाले. "तुझं यंत्र बंद पडलंय, ते बघ आधी. आठ दिवस मुक्या खोक्यापुढं बसतोयस. मला बघवत नाही रे."

मुलानं पाटी खाली ठेवली. मग बाहेर जाऊन त्यानं आठही पाय काढले, स्पीकर उघड्या लाकडावर ठेवले आणि आबांना हाताला धरून आणलं.

सूर पुन्हा जाड झाला. आबांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांचं बोट फळीवर ठेका देऊ लागलं, अगदी समेवर.

आबांना जाऊन दोन वर्षं झाली. "आता तरी लावा ते तुमचे पाय," बायको मध्ये म्हणाली.

"असू दे खणात," तो म्हणाला. टेबलाच्या कडेला जिथं पॉलिश उडालंय, तिथं त्याचा हात होता.