हिंमतरावांनी रंगवलेला खुनी

माझे धाकटे दीर हिंमतराव जाऊन अकरा वर्षं झाली. जयंतीभाई मॅनेजरवरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही.

गुजरात वेगळं होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. आम्ही बडोद्याला फतेगंजात राहत होतो. भाऊजी एका थिएटरचे बोर्ड रंगवायचे, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, शिडीवर उभं राहून. पुरुषभर उंचीची तोंडं! हात खरा चालायचा तो खुनाच्या सिनेमात. अर्ध्या तोंडावर उजेड, अर्ध्यावर काळोख, हॅटची सावली बरोब्बर डोळ्यांवर. सासूबाई म्हणायच्या, "हिंमत, बडोद्यातला सगळा काळा रंग तूच संपवणार."

पण सिनेमा लागायचा शुक्रवारी आणि बोर्ड चढायचा गुरुवारी. रंगवणाऱ्याने सिनेमा पाहिलेलाच नसायचा. रिळांच्या पेटीबरोबर दहा-बारा फोटो यायचे, त्यांवरून काम. म्हणून भाऊजींचा नेम होता : आधी विचारायचं, खुनी कोण? म्हणजे त्याच्या हातात पिस्तूल द्यायचं नाही.

अशाच एका खुनाच्या सिनेमाच्या वेळी मी त्यांचा डबा घेऊन गेले होते. जयंतीभाईंनी एका डॉक्टरचा फोटो पुढे केला. गळ्यात नळी, हातात पिस्तूल.

"आ मोटो करो, हिंमतभाई."

"हा खुनी नाही ना? एकदा विचारून घ्या."

"अरे, डॉक्टर माणूस कधी खून करतो? तमे चीतरो ने!"

भाऊजींनी रंगवला. आणि शुक्रवारी कळलं, खुनी तोच. सिनेमात ते शेवटच्या रिळात उघड व्हायचं होतं. इथे डॉक्टर पहिल्यांदा पडद्यावर आला, तशी पब्लिक ओरडली, "आव्यो, खूनी आव्यो!" शेवटपर्यंत हसणं थांबलं नाही.

शनिवारी थिएटरचे शेठ स्वतः शेडमध्ये आले. मी डबा सोडतच होते. जयंतीभाई म्हणाले, "फोटो हिंमतभाईंनीच पसंत केला, साहेब."

"खोटं!" मी म्हटलं. "माझ्यासमोर तुम्ही दिलात. भाऊजींनी विचारलंसुद्धा."

शेठ माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बेन, तमे घेर जाओ." भाऊजींचं काम त्याच दिवशी बंद झालं. शेजारचे रमाकांत रोज दारातून विचारायचे, "काय हिंमतराव, आज कुणाचं बिंग फोडलंत?"

गंमत पुढेच आहे. सिनेमा पडला नाही. एवढा सोज्वळ डॉक्टर खून करतो तरी कसा, ते बघायला माणसं लोटली. बोर्ड बघून आत शिरायची. सात आठवडे चालला. मग जयंतीभाई गावभर सांगत सुटले, "फोटो तर मीच निवडलेला!" शेठनी त्यांना हार घातला. ऐकून माझ्या अंगाची लाही झाली.

आठव्या आठवड्यात जयंतीभाई आमच्या दारात. दुसरा खुनाचा सिनेमा आला होता, आणि नव्या पेंटरची सगळी तोंडं गालगुंड झाल्यासारखी दिसत होती. सवयीने मी पाणी घेऊन बाहेर आले.

"चालो हिंमतभाई, शेठ बोलावतात. झालं ते झालं."

"येतो," भाऊजी म्हणाले. "शेठसमोर एवढंच सांगा, की फोटो तुम्ही दिलात आणि मी विचारलं होतं."

"हवे जवा दो ने! बोर्ड तर चालला ना?"

"बोर्ड चालला. खोटा मी ठरलो."

जयंतीभाई घड्याळ बघायला लागले. पेल्यासाठी त्यांनी हात पुढे केला, मी पेला मागे घेतला.

"वहिनी, पाणी द्या त्यांना," भाऊजी म्हणाले. असला माणूस!

"नाही देणार," म्हटलं, आणि तिथेच उभी राहून ते पाणी मी पिऊन टाकलं. सासूबाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

भाऊजी थिएटरला परत गेले नाहीत. मांजलपूरला नवी घरं व्हायला लागली, तिथल्या दवाखान्यांच्या, शाळांच्या, दूधवाल्यांच्या पाट्या त्यांनी रंगवल्या. अक्षर मोत्यासारखं. पण त्या हाताने माणसाचं तोंड पुन्हा काढलं नाही. मी पुष्कळ सांगून पाहिलं. "अक्षरं बरी, वहिनी," म्हणायचे, "त्यांच्यात कोणी खुनी निघत नाही."