काळ्या दिव्याखालचं लेकरू

...तर त्रिवेणीचं सांगत होते ना, विक्रम? आपल्या अंबरपेठच्या गल्लीतली, शेवटच्या घरातली. नवरा वारला तेव्हा कविता कडेवर, सहा महिन्यांची. ही तारनाक्याला एका प्रयोगशाळेत काचेची भांडी धुवायची. ठेकेदाराकडचं काम, आज ठेवील, उद्या काढील. ते दिवसच तसले. नवी दुकानं रोज उघडायची, पक्की नोकरी मात्र कुणाला मिळेना.

तिथं गिरीश सर एक पूड तेलात शिजवायचे. लवकर उतरवली की काळ्या दिव्याखाली, म्हणजे त्या अंधुक जांभळ्या उजेडाच्या दिव्याखाली, हिरवी चमकायची, आणखी ठेवली की पिवळी, मग नारिंगी, लाल. त्रिवेणीनं विचारलं, यात रंग कोणता घालता? सर म्हणाले, रंग काहीच नाही, कण वाढतो तसा त्याचा उजेड बदलतो. कण असा बारीक की डोळ्याला दिसायचा नाही. अन् विषारी आहे, उघड्या हातानं शिवू नकोस.

पण त्या पुडीची रिकामी झालेली, बुचाची चांगली बाटली कोण टाकतं? सगळ्या बाया न्यायच्या, हिनंही एक नेली. राखेनं घासघासून धुतली, लेकराच्या मालिशचं तेल भरलं. ते कण राखेला सुटत नाहीत, तेलात मात्र उतरतात, हे तिला कोण सांगणार?

आठ दिवसांनी दिवेलागणीला ती कविताला कडेवर घेऊन भगवंतरावांच्या दुकानात गेली. खोट्या नोटा ओळखायला त्यांनी नवा काळा दिवा आणला होता. नोट द्यायला हात पुढं केला, तर बोटं निखाऱ्यासारखी पेटलेली.

"काय गं, मेंदी लावलीस का?" भगवंतराव हसले.

त्रिवेणी हसली नाही. तिनं झबलं काढून लेकराला दिव्याखाली धरलं. पाठ, पोट, कपाळ, सगळं नारिंगी. पाठीवर हिचीच पाच बोटं उमटलेली. पोर आपली खिदळतीय.

"पोरीचा अंगठा तेवढा साफ आहे बघ," भगवंतराव हळूच म्हणाले.

"चोखलाय तो," त्रिवेणी म्हणाली.

दवाखान्यात डॉक्टर विचारणार, पोटात काय गेलं? ते सरांनाच ठाऊक. अन् सरांना सांगायचं म्हणजे बाटली नेल्याचं कबूल करायचं. ती लेकरासकट तिथूनच ऑटोत बसली, तारनाक्याला गेली, सांगितलं. सरांचा चेहरा उतरला. त्यांनी चिठ्ठीवर विषाचं नाव लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी ठेकेदारानं तिला काढलं.

पोर वाचली रे. डॉक्टर म्हणाले, थोडंच गेलंय, पण हे विष मूत्रपिंडात वर्षानुवर्षं बसून राहतं, दरसाल तपासा. त्रिवेणी रोज बेसन लावून न्हाऊ घालायची अन् दुकानात नेऊन बघायची. आज कानामागं, उद्या तळपायाला, कुठंतरी ठिणगी निघायचीच. महिनाभर गल्लीत कुणी त्या लेकराला उचललं नाही. मी पण नाही, खोटं कशाला बोलू.

त्रिवेणी होती तोवर दरसाल नेऊन तपासायची, तिला वारून दोन वर्षं झाली. कविता आता मोठी झालीय, म्हणते, मला काय धाड भरलीय? तू तिला फोनवर एवढं कळव, तुझ्या या आजीनं सांगितलंय, दोन साल तपासणी चुकलीय, या हप्त्यात जाऊन ये.