खुंटा हलवून बळकट

आमच्या ह्यांना बसून काही करता यायचं नाही. गालाला साबण लावून ओट्यावर फेऱ्या मारायचे, चहा उभ्यानं प्यायचे, आणि जेवताना मधेच उठून खिडकीतून कोण चाललंय ते बघून यायचे. सासूबाई म्हणायच्या, ह्याच्या पायाला जन्मताच भिंगरी लागली आहे. साठच्या दशकात लग्न होऊन मी कऱ्हाडहून बोईसरला आले, तेव्हा मला वाटलं होतं की ती भिंगरी आपण थांबवू. नवी नवरी काय काय करायला निघते!

तारापूरला तेव्हा वीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं आणि हे तिथं एका कंत्राटदाराकडे वायरमन होते. बोईसरला आमच्या दोन खोल्या होत्या. बांधकामावरचा एक परदेशी माणूस मायदेशी परतताना ह्यांना आपली इलेक्ट्रिक गिटार देऊन गेला, आणि तेव्हापासून माझ्या घरात एक सवत नांदायला लागली. हे तिची वायर आमच्या रेडिओच्या मागं जोडायचे आणि वाजवायला लागायचे. पहिल्या दिवशी शेजारच्या वहिनी धावत आल्या आणि विचारलं, "रेडिओला काय दमा झालाय का हो?"

अर्थात गिटारसुद्धा हे बसून वाजवत नसत. दप्तराचा खाकी पट्टा मी तिला शिवून दिला होता. तो गळ्यात घालून हे खोलीभर हिंडायचे. पट्टा अडकवायला गिटारीच्या बुडाशी एक बटण होतं, स्क्रूनं बसवलेलं. ह्यांच्या हिंडण्यानं आणि हिसक्यांनी त्या स्क्रूचं भोक खाऊन खाऊन मोठं झालं. एके दिवशी बटण निघालं आणि गिटार ह्यांच्या अंगठ्यावर पडली. मी हसले. तेव्हा हसायचे दिवस होते.

मग पालघरला मुंबईचा एक ऑर्केस्ट्रा आला. त्यांचा गिटारवाला त्यांना सोडून गेला होता. कुणीतरी ह्यांचं नाव सुचवलं आणि ऑर्केस्ट्राच्या मालकांनी निरोप धाडला की रविवारी येऊन वाजवून दाखवा. पसंत पडलात तर आमच्याबरोबर गुजरातेत आणि माळव्यात, पार पावसाळ्याच्या तोंडापर्यंत. एकच अट होती. उभं राहून वाजवायचं, खुर्चीत बसलेला माणूस लोकांना चालत नाही.

म्हणजे नोकरी सोडायची, कारण कंत्राटदार कुणाची जागा राखून ठेवत नाही. खोल्या सोडायच्या. मी कऱ्हाडला माहेरी जाऊन बसायचं, आणि लग्नाला वर्ष व्हायच्या आत पोर परत का आली, हे गावाला सांगत राहायचं. मला भीती वाटत होती. हा माणूस गेला तर परत येईल का, याची भीती. ती मी बोलले नाही.

ह्यांनी विचारलं, "मी गेलो तर तुला चालेल ना?"

मी म्हणाले, "हो."

एवढ्यावर मिटायला हवं होतं. पण संध्याकाळी मी भाकरी थापताना पुन्हा, "खरंच चालेल ना?" आंघोळीला जाताना खांद्यावर पंचा टाकून, "नक्की ना?" कामावरून आल्यावर चपला काढायच्या आधी दारातूनच, "तू मनापासून म्हणालीस ना?" मी प्रत्येक वेळी हो म्हणत गेले. दर वेळी तो हो थोडा सैल निघत होता, हे मला कळत होतं. ह्यांनाही कळत असावं, नाहीतर इतक्यांदा कशाला विचारलं असतं?

तोवर भोकाचं बघायला हवं होतं. आमच्या दाराच्या बिजागरीचे स्क्रू असेच गळायचे आणि मी त्यांच्या भोकात आगकाड्या खुपसायची. तोच उपाय इथं केला. आगकाड्यांना मैद्याची खळ लावून भोक भरलं. घाईत खळीत मोरचूद घालायचं राहिलं. मोरचूद नसलं की खळीला किडामुंगी लागते, हे कागद चिकटवणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. शिवाय समुद्राच्या दमट हवेत ती वाळलीच नाही, आंबली. सकाळी बघतो तर भिंतीवरून मुंग्यांची रांग थेट गिटारीत चाललेली.

हे चिडले आणि बाजारातून लांबलचक स्क्रू घेऊन आले. तो पिळता पिळता घामाघूम झाले. स्क्रू फिरत राहिला आणि भोकातून लाकडाचा भुसा तेवढा बाहेर आला. भोक आणखी मोठं झालं. "ह्याचा स्क्रू ढिला तो ढिलाच," असं मी म्हणाले आणि ते कुणाला म्हणाले, यावरून आमचं तासभर भांडण झालं.

शेवटी मी माझं मोडकं सूप काढलं. त्याच्या काठाची कामटी चुलीजवळ राहून राहून खडखडीत वाळली होती. विळीवर ती तासून भोकाच्या मापाची खुंटी करायला बसले. तेवढ्यात घिवलीहून येणारी आमची मासेवाली मावशी दारात टोपली उतरवून बघायला लागली.

"बाय, यो काय करते?"

मी सांगितलं की भोक बुजवून त्यात नवा स्क्रू बसवायचा आहे.

"बस बस, बरा हाय," मावशी म्हणाली. "पन तुज्या घरवाल्याला सांग, हात नको लावू. आमी होरीचा खुंटा गालात मारला का परत हलवाय जात नाय." होरी म्हणजे होडी आणि गाल म्हणजे गाळ, हे एव्हाना मला कळायला लागलं होतं.

सुताराकडून सरस आणला, वाटीत तापवला, सगळ्या घराला त्याचा वास लागला. खुंटीला सरस लावून बत्त्यानं ठोकून बसवली. वर आलेलं टोक कापलं. आणि ह्यांना बजावलं की सरस वाळेपर्यंत गिटारीला शिवायचं नाही, मग मी दाभणानं भोक पाडीन आणि स्क्रू बसवीन.

घटकाभरानं बघते तर हे वाकून खुंटीला बोटानं हलवून बघताहेत.

"अहो!"

"बघतोय फक्त. खुंटा हलवूनच बळकट होतो, म्हणच आहे."

"म्हण कोरड्या खुंट्याची आहे. सरस ओला असताना हलवला की सैलच होतो."

हे हसले, आणि लगेच विचारलं, "तुला चालेल ना गं, खरंच?"

माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी गिटार उचलली, शेजारच्या वहिनींकडे नेऊन त्यांच्या धान्याच्या पिंपामागं ठेवली आणि त्यांना सांगितलं की हे मागायला आले तर देऊ नका. हे दोनदा गेलेही. वहिनींनी दिली नाही. सरस वाळेपर्यंतच्या त्या दोन दिवसांत ह्यांनी घरातली प्रत्येक वस्तू जागची हलवली. शनिवारी रात्री मी गिटार परत आणून बटण बसवलं.

रविवारी आम्ही दोघं पालघरला गेलो. ऑर्केस्ट्राच्या तालमीच्या खोलीत मला दाराशी खुर्ची दिली होती. हे उभे राहिले, पट्टा गळ्यात, आणि वाजवता वाजवता हिंडायला लागले. मी सूर ऐकलेच नाहीत. माझं सगळं लक्ष त्या बटणाकडे होतं. ते निखळावं, असं मला एकदा वाटलं. खरंच वाटलं. पण मीच बसवलेलं होतं ते, निखळलं नाही. मालकांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, पंधरवड्यानं निघायचंय.

परतीच्या गाडीला वेळ होता. पालघर स्टेशनवर गिटार पाठीवर टाकून हे मी बसले होते त्या बाकाभोवती फिरत होते, हात पाठीमागं नेऊन बटण चाचपत होते.

"मग," हे म्हणाले, "तुला चालेल ना?"

"नाही," मी म्हणाले.

हे थांबले.

"नाही चालणार. एक दिवस नाही चालणार. लोक बोलतील ते बोलू देत, मलाच करमायचं नाही. तुम्ही परत याल की नाही, ह्या भीतीनं मी आजच अर्धी झाले आहे. पण तुम्ही जा. नाही गेलात तर जन्मभर ह्या बाकाभोवती फिरत राहाल, ते मला त्याहून चालणार नाही."

"मग इतके दिवस हो कशाला म्हणत होतीस?"

"तुम्ही विचारत होता म्हणून."

गिटार उतरवून हे माझ्या शेजारी बसले आणि ती त्यांनी मांडीवर उभी धरली. लग्न झाल्यापासून माझ्या शेजारी ते असे कधी बसले नव्हते.

ते गेले, आणि आभाळ भरून यायच्या आधी परतही आले. पण मला त्यांचं परत येणं तितकं आठवत नाही. मला तो बाक आठवतो. त्या दिवशी गाडी उशिरा आली, आणि ती येईपर्यंत ह्यांचा हात त्या बटणाकडे एकदाही गेला नाही.